कोळ्याला खाणारा कोळी उशिरा का येतो?



ऊन तापलं की शिरपूर, चोपड्याकडच्या पपईत पानाखाली लाल कोळी वाढतो. मग मला हमखास विचारतात, "भाऊ, मित्रकोळी असतो म्हणता, तो जातो कुठे?" याचं उत्तर जुन्या इतिहासात आहे.

१९४५ नंतर अमेरिका-कॅनडाच्या सफरचंद बागांत डीडीटी आलं. फळ पोखरणारी अळी मेली, पण तोवर किरकोळ असलेला लाल कोळी मोठी कीड होऊन बसला. औषधाने तो फारसा मरत नव्हता, त्याला खाणारे मात्र मरत होते.

कॅलिफोर्नियाच्या कार्ल हफेकर यांनी १९५८ मध्ये संत्र्यांवरचा प्रयोग छापला. साध्या मांडणीत मित्रकोळ्याने सगळी शिकार फस्त केली आणि मग स्वतः उपाशी मेला. पुढे त्यांनी संत्र्यांच्या मधे व्हॅसलीनचे अडथळे घातले, काड्या उभ्या केल्या. पिकावरचा कोळी काडीवरून धागा सोडून वाऱ्याने पुढे जायचा, मित्रकोळी पायी मागून यायचा. आता दोघंही टिकले. संख्या तीनदा वर गेली, खाली आली.

१९५९ मध्ये कॅनडाच्या हॉलिंग यांनी हिशोब मांडला. शिकार वाढली की एकेक शिकारी जास्त खातो, पण पोटालाही मर्यादा असते. त्यापुढचं काम संख्या वाढूनच होतं. खाणार, अंडी घालणार, पिल्लं मोठी होणार, याला दिवस लागतात. आपल्याला दिसतो तो उशीर हाच.

वॉशिंग्टन राज्यात स्टॅनली हॉइट यांनी १९६० च्या दशकात याचा बागेत उपयोग केला. अळीसाठी औषध बेताने वापरलं, मित्रकोळी जगू दिला. पानावरचा थोडा तांबेरा कोळीही राहू दिला, कारण लाल कोळी कमी असताना मित्रकोळ्याचं पोट त्याच्यावरच भरतं.

आपल्यासाठी सार एवढंच: घरात दाणाच नसेल तर राखणदार थांबत नाही. थोडे कोळी दिसले म्हणून लगेच पायरेथ्रॉइड मारू नका; त्याने मित्रकोळी आधी जातो आणि लाल कोळी पुन्हा उसळतो. आधी भिंग घेऊन पान उलटं करा. लाल कोळी संथ असतो; फिकट, चकचकीत, तुरुतुरु पळणारा दिसला तर तो आपला. तो बऱ्यापैकी असेल तर दोन-चार दिवसांनी तीच झाडं पुन्हा बघा. नसेल आणि पानं पिवळी पडत असतील, तर फक्त कोळ्यावरचंच औषध घ्या, आणि तेही लागण असलेल्या झाडांपुरतं.