स्वमग्नांची मैत्री : पडद्यावरची रिकामी जागा

गेल्या उन्हाळ्यात अंबाजोगाईतल्या एका तरुणाने लघुपटाची संहिता माझ्यापुढे ठेवली. गोष्ट दोन स्वमग्न मुलांच्या मैत्रीची. शेवटी दोघे डोळ्यांत डोळे घालून हसतात, कडकडून मिठी मारतात आणि आया पदराने डोळे पुसतात. तरुणाचा धाकटा भाऊ स्वमग्न आहे. मी विचारले, “तुझा भाऊ अशी मिठी मारतो का रे?” तो म्हणाला, “नाही सर. पण सिनेमात तसंच असतंय ना.”

घरात एक पाहणारा मुलगा कागदावर दुसरेच का लिहितो, या प्रश्नाने मला मागे नेले.

पहिला अडसर शब्दातच आहे. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘ऑटिझम’ हा शब्द घडवला, तो स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या आत्ममग्नतेसाठी. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करताना तो उचलला. मराठीतला ‘स्वमग्न’ त्याच वाटेने आला. जो स्वतःतच बुडालेला, त्याला मित्र कुठला? म्हणजे ‘स्वमग्नांची मैत्री’ हा नावापासूनच वदतोव्याघात ठरला.

वास्तविक मग्नता आमच्या गावाला परकी नाही. दासोपंतांची पासोडी इथलीच. सुमारे चाळीस फूट लांब, चार फूट रुंद कापडावर लिहिलेले ‘पंचीकरण’. दासोपंतांना आजचे निदान चिकटवण्याचा आचरटपणा मी करणार नाही. मुद्दा इतकाच, की एका विषयात बुडालेल्या माणसानेही ते कापड कुणीतरी वाचावे म्हणूनच लिहिले. मग्नता आणि संवाद यांचे हाडवैर नाही.

आपल्या सिनेमाने मात्र ते गृहीत धरले. संजय सूरकरांच्या ‘चौकट राजा’त (१९९१) दिलीप प्रभावळकरांचा नंदू आहे. तो स्वमग्न नव्हे. बालपणीच्या अपघाताने त्याची बुद्धी मागे राहिलेली. पण ‘वेगळ्या’ माणसाच्या मैत्रीचा मराठी साचा तिथे स्पष्ट दिसतो : मैत्री बालमैत्रीण मीनलशी, आणि कसोटी तिच्या संसाराची. ‘देवराई’त (२००४) स्किझोफ्रेनियाने ग्रासलेला शेष आहे, त्याला समजून घेण्याची धडपड बहिणीची. दोन्ही चित्रपट मनापासून केलेले आहेत. तरी वेगळा माणूस एकटा आणि त्याला सांभाळणारे शहाणे, ही रचना कायम राहते.

कायद्यातही जागा उशिरा मिळाली. १९९५च्या अपंगत्व कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली आणि २०१६च्या कायद्याने एकवीस प्रकारांत तिची गणना केली.

या काळात पडदाही हलला. ‘बर्फी’त (२०१२) स्वमग्न झिलमिलची गाठ मूकबधिर नायकाशी पडते, सांभाळणारा शहाणा तिथे थोडा बाजूला सरकतो. ‘यलो’मध्ये (२०१४) डाउन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळ यांनी स्वतःचीच भूमिका केली. २०२० साली पिक्सारच्या ‘लूप’ या छोट्या ॲनिमेशनपटात न बोलणाऱ्या स्वमग्न मुलीला आवाज दिला तो एका स्वमग्न मुलीनेच. पण होडीत तिच्या समोर बसलेला मुलगा स्वमग्न नाही. म्हणजे कलाकार खरे आले. जोडी अजून यायची होती.

संशोधन तोवर पुढे गेले होते. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली मांडले, की दोष एकट्या स्वमग्नाचा नाही; समजण्यातली दरी दोन्ही बाजूंनी असते. २०२०मध्ये कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी आठ-आठ जणांच्या साखळ्यांतून एक गोष्ट कानोकानी पुढे पाठवली. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत ती बिगर-स्वमग्नांच्या साखळीइतकीच टिकली. मिश्र साखळीत मात्र तपशील लवकर गळाले.

हे वाचून मी त्या तरुणाला पुन्हा बोलावले. म्हटले, “सिनेमा सोड. तुझा भाऊ आणि त्याचा मित्र काय करतात तेवढं सांग.”

तो सांगू लागला. दोघे बसस्थानकाच्या बाकावर शेजारी बसतात, तोंडे गाड्यांकडे. एकमेकांकडे बघत नाहीत. एक पाटी वाचतो, “परळी.” दुसरा वेळ सांगतो. “केज.” पुन्हा वेळ. गाडी उशिरा आली की दोघेही अस्वस्थ होतात. तेव्हा पहिला जुनीच पाटी परत म्हणतो, दुसरा जुनीच वेळ सांगतो, आणि दोघे निवतात. एक दिवस मित्र आला नाही. भाऊ पाट्या वाचत राहिला आणि प्रत्येक पाटीनंतर थांबत राहिला.

“पण यात काय दाखवायचं सर? काही घडतच नाही.”

मी म्हटले, “ते थांबणं दाखव.”

त्या थांबण्यात दुसऱ्याची जागा राखलेली आहे. ती बघायला प्रेक्षकाला बाकावर जाऊन बसावे लागेल आणि थोडा वेळ परके वाटून घ्यावे लागेल. आजवर परकेपणा नेहमी त्या मुलांच्या वाट्याला आला.

मिठीचे पान त्याने काढले आहे. आयांचे पान अजून आहे. आई ऐकत नाही, म्हणतो.