गिमवी येथील शिस्टोसोमा रोग व रक्तपरीक्षा

रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी (ता. गुहागर) हे खेडे मूत्रमार्गी शिस्टोसोमा रोगाचे भारतातील केंद्र म्हणून प्रसिद्ध आहे. आर. के. गाडगीळ व एस. एन. शहा यांनी १९५२ मध्ये ते उजेडात आणले. फेरिसिया टेन्युइस ही गोड्या पाण्यातील गोगलगाय या पर्णकृमीची मध्यस्थ पोषक असल्याचे पुढे त्यांनी दाखविले. लघवीत आढळणारी, टोकाशी काटा असलेली अंडी हा निदानाचा निश्चित पुरावा होय. अंडी विरळ असल्यास ती सूक्ष्मदर्शकातून निसटतात. अशा वेळी रक्तरसातील प्रतिपिंडांची परीक्षा अधिक संवेदनक्षम ठरते. तथापि रोगी बरा झाल्यावरही प्रतिपिंड दीर्घकाळ टिकतात आणि इतर कृमींच्या संसर्गामुळेही परीक्षा होकारात्मक येऊ शकते. त्यामुळे संसर्ग चालू आहे की ओसरला, हे केवळ तिच्यावरून ठरविता येत नाही.