वेड पांघरून पेडगावला: गर्भपात, कायदा आणि आपण

मराठीत 'वेड पांघरून पेडगावला जाणे' असा एक वाक्प्रचार आहे. ठाऊक असलेली गोष्ट ठाऊक नसल्याचे सोंग आणणे, हा त्याचा अर्थ. वाक्प्रचारातले पेडगाव भीमेच्या काठचे, बहादूरगडाचे, नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातले, असे परंपरा सांगते. आमच्या परभणी जिल्ह्यातले पेडगाव निराळे. ते मनमाड-परभणी लोहमार्गावरचे एक गाव. नावसाधर्म्यामुळे म्हण मात्र त्यालाही चिकटली आहे. या म्हणीची आठवण व्हावी असा एक विषय मराठी समाजाच्या इतिहासात आहे आणि तो म्हणजे गर्भपात. आमच्या मते हा विषय आपल्या समाजाला कधीच अपरिचित नव्हता. अपरिचित असल्याचे सोंग मात्र समाजाने, शासनाने आणि काही अंशी सुधारकांनीही आणले, आणि त्या सोंगाची किंमत दर पिढीत बाईने मोजली.

आम्ही भाषेचे अध्यापक असल्याने आरंभ शब्दांपासून करतो. 'गर्भपात' हे एकच नाम आपण दोन अगदी वेगळ्या घटनांसाठी वापरतो. गर्भ आपोआप पडला तरी गर्भपात, आणि बाईने ठरवून पाडवून घेतला तरीही गर्भपात. फरक काय तो 'झाला' आणि 'केला' या क्रियापदांत. आयुर्वेदाने चौथ्या महिन्यापर्यंतचा तो 'गर्भस्राव' आणि पाचव्या-सहाव्या महिन्यातला तो 'गर्भपात' असा भेद केला. पण तो काळाचा भेद आहे, कर्तृत्वाचा नव्हे. धर्मशास्त्राने 'भ्रूणहत्या' हा शब्द घोर पातकांच्या पंक्तीला बसवला. आणि गावात बायका काय म्हणतात? 'खाली केले', 'पिशवी धुतली', 'क्युरेटिंग केले'. या बोलांत गर्भाचा उल्लेख नाही, बाईच्या निर्णयाचाही नाही. एकीकडे हत्या आणि दुसरीकडे पिशवी. मधली जागा रिकामी. ती रिकामी का राहिली, हे पाहण्यासाठी इतिहासाकडे वळावे लागते.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेने कलम ३१२ अन्वये गर्भपात हा गुन्हा ठरवला. बाईचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेला गर्भपात तेवढा अपवाद. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि गर्भाची हालचाल जाणवू लागल्यानंतर सात वर्षांपर्यंत. कलमाच्या स्पष्टीकरणात असेही म्हटले होते की स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही या कलमाखाली येते. तिला गर्भवती करणाऱ्या पुरुषाचा मात्र, तो प्रत्यक्ष गर्भपात घडवून आणत नसेल तर, कलमात पत्ता नव्हता. वास्तविक याच्या चार वर्षे आधी, १८५६ मध्ये, विधवाविवाहाचा कायदा झालेला होता. पण कायद्याने दिलेली मुभा जातिरूढीने दिली नाही. उच्च जातींतल्या तरुण विधवेला पुनर्विवाह नाही, गरोदर राहिली तर घरात जागा नाही आणि गर्भ पाडला तर तुरुंग, अशी ही तिहेरी कोंडी होती.

या कोंडीचे चित्र जोतीराव फुले यांनी नोंदवून ठेवले आहे. बेहरामजी मलबारी यांच्या टिपणांवर ४ डिसेंबर १८८४ रोजी लिहिलेल्या अभिप्रायात त्यांनी काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेची हकीकत सांगितली. ती त्यांचे स्नेही गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले. गर्भ पाडण्याचे उपाय करून पाहिले, ते निष्फळ ठरले. मूल जन्मले, आणि लोकलज्जेपोटी तिने ते मारून विहिरीत टाकले. तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. वाचकांनी एक तपशील लक्षात घ्यावा. या कथेत बालहत्या शेवटी येते. तिच्या आधी फसलेला गर्भपात आहे. म्हणजे औषधे देणारे कोणी होते, ती कुठे मिळतात हे ठाऊक असणारे कोणी होते. सगळे ठाऊक होते. न्यायालयात उभी राहिली ती मात्र एकटी काशीबाई.

जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८६३ मध्ये पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. येथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, असे आवाहन त्यांनी केले. १८८४ पर्यंत ३५ गरोदर विधवा तेथे आल्या होत्या. पुढे १८७५ मध्ये पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर त्रवाडी यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाजाचे असेच गृह उभे राहिले. या कार्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. त्या काळात ते अपूर्व धैर्याचे होते. पण त्याची मर्यादाही समजून घेतली पाहिजे. गृहाच्या नावात 'बाल' आहे, विधवा नाही. आणि दयेची अट गुप्तता ही होती. समाजाचे सोंग मोडण्याची शक्ती एका घरात नव्हती. सोंगाच्या आडोशाला दोन जीव वाचवणे तेवढे शक्य होते, ते या दांपत्याने केले.

आडोसा झुगारून बोलली ती एक बाई. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला बालहत्येसाठी फाशी सुनावली गेली. पुढे ती शिक्षा उतरत उतरत पाच वर्षांवर आली. वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीच्या अनीतीवर प्रवचने झडू लागली. आमच्या मराठवाड्याच्या सरहद्दीपलीकडे, वऱ्हाडातल्या बुलढाण्यात राहणाऱ्या ताराबाई शिंदे यांनी त्याला 'स्त्री-पुरुष तुलना' (१८८२) या पुस्तकाने उत्तर दिले. त्यांचा प्रश्न साधा होता: ज्या दोषासाठी बाईला सुळावर चढवायचे, त्यातला पुरुष कुठे आहे? दंडसंहितेत जो गैरहजर होता त्याला ताराबाईंनी नाव घेऊन बोलावले. समाजाने त्यांच्या पुस्तकाचे स्वागत केले नाही. जोतीरावांनी मात्र 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली.

विसाव्या शतकात चर्चेचा सूर बदलला. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवले. अश्लीलतेचे खटले त्यांच्यावर झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला. त्यासाठीचे भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. ठराव फेटाळला गेला. या चळवळीचा भर अर्थातच गर्भधारणा टाळण्यावर होता. टाळता न आलेल्या गर्भधारणेचे काय, हा प्रश्न मागेच राहिला.

तो १९६४ मध्ये पुढे आला. महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने समिती नेमली. तिचा अहवाल १९६६ च्या अखेरीस आला. चोरून होणाऱ्या गर्भपातांनी बायका मरतात, हे शासनाने प्रथमच उघडपणे मान्य केले. त्यातून १९७१ चा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. त्याच्या नावातही 'गर्भपात' नाही. मराठीत त्याला 'वैद्यकीय गर्भसमापन' म्हणतात. हे नाव सौम्य आहे, आणि सूचकही. निर्णय वैद्यकीय, म्हणजे डॉक्टरांचा. बाराव्या आठवड्यापर्यंत एका आणि विसाव्यापर्यंत दोन डॉक्टरांचे मत तेव्हा हवे होते. बाईची संमती आवश्यक, पण तिची इच्छा हे कारण पुरेसे नाही. संततिनियमनाचे साधन निकामी ठरल्यास गर्भपाताची मुभा होती, परंतु 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' यांनी वापरलेल्या साधनापुरतीच. म्हणजे १८६३ च्या काशीबाईला १९७१ च्या कायद्यातही या कारणाचे दार बंदच होते. त्या वर्षांत देशावर कुटुंबनियोजनाची छाया होती. शासनाला कुटुंबातली संख्या दिसत होती, कुटुंबाबाहेरची बाई दिसत नव्हती.

१९८० च्या दशकात चित्र उलटे झाले. जो गर्भपात चोरून होत असे तो आता मुलगी आहे म्हणून राजरोस होऊ लागला. मुंबईतील स्त्री-संघटनांच्या लढ्यामुळे महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. त्या संघटनांनी एक भेद कसोशीने जपला होता: विरोध लिंगनिवडीला आहे, गर्भपाताला नाही. पण प्रचारात हा भेद टिकला नाही. धर्मशास्त्रातला 'भ्रूणहत्या' हा शब्द 'स्त्री' हे विशेषण लावून एसटीच्या पाठीवर आणि शाळेच्या भिंतीवर परत आला. 'हत्या' म्हटले की मारेकरी शोधणे आले, आणि तो शोध पुन्हा बाईपाशीच येऊन थांबतो. हुंडा, शेतीची वाटणी, म्हातारपणीचा आधार ही कारणे भिंतीवर मावत नाहीत.

याचा परिणाम आमच्या भागाने जवळून पाहिला. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. २००१ मध्ये ८९४ होत्या. मे २०१२ मध्ये परळीत गर्भपात करताना एका विवाहितेचा मृत्यू झाला. २०१९ मध्ये न्यायालयाने डॉक्टर दांपत्याबरोबर तिच्या पतीलाही दहा वर्षांची शिक्षा सुनावली. दंडसंहितेच्या मूळ कलमात जो पुरुष नव्हता तो येथे अखेर पिंजऱ्यात आला, हे नोंदण्याजोगे. पण त्याच सुमारास राज्यभर कारवाईच्या धाकाने औषधदुकानांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणे सोडले, आणि अनेक डॉक्टरांनी कायदेशीर गर्भपातही नाकारायला सुरुवात केली. नवव्या आठवड्यातल्या गर्भाचे लिंग सोनोग्राफीत कळत नाही, हे डॉक्टरांना ठाऊक, दुकानदारालाही सांगितले तर कळण्याजोगे. तरीही बाईला परत पाठवणे सोपे पडते.

सोंगाचे माप घ्यायचे तर एक आकडा पुरेसा आहे. २०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, असा अंदाज 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मधील अभ्यासाने मांडला. त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. सरकारी नोंदीत मात्र वर्षाला काही लाखच दिसतात. ही तफावत लेखनिकाच्या चुकीची नव्हे. एवढ्या बायकांनी केलेली गोष्ट एवढ्या मोठ्या देशाने न पाहिल्यासारखी केली आहे.

२०२१ च्या दुरुस्तीने 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' या जागी 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आले आणि विशिष्ट स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांवर गेली. त्याच वर्षीच्या नियमांत गरोदरपणी वैधव्य आलेल्या स्त्रीचा उल्लेख झाला. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही तोच हक्क दिला. काशीबाईला कायद्याच्या वाक्यात शिरायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. तरी काम संपलेले नाही. दंडसंहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. कलम ३१२ चे कलम ८८ झाले, आणि स्वतःचा गर्भ पाडणाऱ्या स्त्रीबद्दलचे स्पष्टीकरण त्यात तसेच आहे. कायदा प्रौढ स्त्रीची एकटीची संमती पुरेशी मानतो. तरी अनेक दवाखान्यांत नवऱ्याची सही मागितली जाते, आणि ती कोणत्या नियमाने, हे विचारण्याचे बळ तालुक्याला एकट्या आलेल्या बाईत क्वचितच असते.

भाषेच्या अध्यापकांनी यात काय करावे? कायदे बदलणे आमच्या हाती नाही. पण लिंगनिवडीला लिंगनिवड आणि गर्भपाताला गर्भपात म्हणणे, 'हत्या' हा शब्द दोहोंवर सरसकट न फेकणे, एवढे वर्गात आणि लेखनात करता येते. 'तिने गर्भपात केला' या वाक्याला कर्ता आहे. ते वाक्य आवाज न उतरवता उच्चारता येऊ लागले, तर तालुक्याच्या दवाखान्यात एकट्या आलेल्या बाईलाही आपले म्हणणे सरळ मांडणे कदाचित थोडे सोपे जाईल.