गर्दी नसताना चित्र कसं पाहावं?



आमचा एक जुना विद्यार्थी इटलीला जाऊन आला. मोताळ्याला आल्यावर भेटायला आला आणि फोनवरचे फोटो दाखवू लागला. फ्लोरेन्सच्या उफीझी संग्रहालयात बोत्तीचेल्लीचं व्हीनसचं चित्र आहे, त्याचा फोटो त्यानं काढला होता. फोटोत व्हीनस जेमतेम वितीएवढी, आणि तिच्या पुढे वीस-पंचवीस माणसांची डोकी अन् तेवढेच वर धरलेले फोन. तो म्हणाला, "सर, एवढा खर्च करून गेलो, पण चित्र काही दिसलं नाही. गर्दी नसताना ही चित्रं पाहायचा काही उपाय आहे का?"

प्रश्न साधा वाटला, पण तो आमच्या डोक्यातून जाईना. आजचं बोलणं त्याच प्रश्नावर आहे.

पहिली गोष्ट अशी की, गर्दी आपल्याला नवीन नाही. आपल्या जिल्ह्यात शेगाव आहे. गजानन महाराजांच्या दर्शनाला आपण तासन् तास रांगेत उभे राहतो. पुढे क्षणभरच थांबायला मिळतं, तरी बाहेर येऊन कोणी म्हणत नाही की गर्दीमुळे दर्शन वाया गेलं. रांग हा दर्शनाचाच भाग असतो. मग चित्रापुढची गर्दी का खुपते? कारण दर्शन आणि पाहणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. दर्शनात आपण मूर्तीपुढे असणं पुरेसं असतं. पाहण्याला वेळ लागतो, नजर फिरवावी लागते, पुन्हा मागे यावं लागतं.

आता गंमत पाहा. रेनेसाँस म्हणजे युरोपातलं प्रबोधन. त्या काळातली पुष्कळ चित्रं चर्चच्या वेदीसाठीच काढलेली होती. त्यांच्यापुढे गर्दी होती, पण ती दर्शनाची. ती चित्रं पुढे संग्रहालयांत आली, दर्शनाचं पाहणं झालं, आणि तीच गर्दी अडचण वाटू लागली. पुढे पुढे तर पाहणंही मागे पडलं. 1911 साली पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून मोनालिसा चोरीला गेली, तेव्हा भिंतीवरची रिकामी जागा पाहायला लोकांनी गर्दी केली. चित्र नव्हतं, तरी गर्दी होती!

दुसरी गोष्ट. गर्दीशिवाय पाहणं एके काळी शक्य होतं, पण कोणाला? उफीझीची इमारत मुळात सरकारी कचेऱ्यांसाठी बांधलेली. 1581 च्या सुमारास फ्रान्चेस्को द मेदिची या राजानं तिच्या वरच्या मजल्यावर आपला कलासंग्रह मांडला. तिथं त्याच्या मर्जीतलेच लोक जात. सर्वांसाठी दारं उघडली 1769 मध्ये. म्हणजे मधली जवळजवळ दोनशे वर्षं तिथं गर्दी नव्हती, याचं कारण तुम्हाआम्हाला प्रवेशच नव्हता. आजही जादा पैसे मोजून पहाटे किंवा रात्री, मोजक्या लोकांत चित्रं पाहायची सोय काही संग्रहालयांत मिळते. म्हणून गर्दीवर चिडण्याआधी एवढं लक्षात ठेवू, की या गर्दीत आपणही आहोत, आणि आपण तिथं असणं ही वाईट गोष्ट नाही.

पण तिसरी गोष्ट याच्या उलट आहे. गर्दी चित्राला मारते. मिलानमध्ये लिओनार्दोचं 'शेवटचं भोजन' आहे, 1495 ते 1498 या काळातलं. इटलीत भित्तिचित्र काढायचं म्हणजे चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर भराभर रंग द्यायचा, म्हणजे चुना वाळताना रंग पक्का धरून ठेवतो. लिओनार्दोला घाई जमणारी नव्हती. त्यानं कोरड्या भिंतीवर रंगवलं, आणि त्याच्या हयातीतच रंग सुटू लागला. आज तिथं मोजकी माणसं आत सोडतात, ती पंधरा मिनिटांसाठी. कारण माणूस आत गेला की त्याच्याबरोबर धूळ जाते, ऊब जाते आणि श्वासातली वाफ जाते.

हे ऐकून अजिंठा आठवतो की नाही? आपल्यापासून दोन-अडीच तासांचा रस्ता. तिथली चित्रंही कोरड्या भिंतीवरचीच. खडकावर माती, भुसा, गवताचे तंतू यांचा लेप, वर चुन्याचा पातळ हात, आणि त्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. म्हणजे श्वासाच्या वाफेची भीती मिलानला आहे तशीच इथेही.

आता अजिंठा गर्दीशिवाय कोणी पाहिला ते बघू. 28 एप्रिल 1819 रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीला आला आणि दहाव्या लेण्यात पोचला. एकटा माणूस, समोर दोन हजार वर्षांपूर्वीचं लेणं. त्यानं काय केलं? खांबावर स्वतःचं नाव आणि तारीख कोरली. म्हणजे गर्दी नसली की माणूस नीट पाहतोच, असं काही नाही.

त्यानंतर 1844 मध्ये कंपनी सरकारनं रॉबर्ट गिल याला चित्रांच्या नकला करायला नेमलं. तो अजिंठा गावात राहिला आणि वर्षानुवर्षं भिंतीसमोर बसला. त्याच्या बहुतेक नकला 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. 1879 मध्ये तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे, मलकापूरहून गाडीनं गेलं तर जवळच. गिलनंतर 1872 पासून जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे विद्यार्थी घेऊन आला. त्या नकलांपैकीही बऱ्याच 1885 च्या लंडनमधल्या आगीत गेल्या.

मग आल्या लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम. या बाईंनी चेन्नीनो चेन्नीनी या इटालियन चित्रकाराचा, प्रबोधनकाळाच्या उंबरठ्यावरचा रंगकामाचा ग्रंथ इंग्रजीत आणला होता, 1899 मध्ये. इटालियन भिंती कशा रंगवत ते शिकलेली ही बाई 1909 ते 1911 या काळात अजिंठ्यात येऊन काम करून गेली. बरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार असे तरुण चित्रकार. पुढे 1920 च्या सुमारास निजाम सरकारनं चित्रं सांभाळायला चेक्कोनी नावाचा तज्ज्ञ थेट इटलीहून बोलावला. पाहा, इटली आणि अजिंठा यांचा संबंध आम्ही ओढूनताणून जोडत नाही.

या मंडळींनी पाहिलं, ते खरं पाहणं. रेघ न् रेघ हातानं पुन्हा काढायची, तर पाहिल्यावाचून गत्यंतरच नसतं. पण त्याचीही किंमत चित्रांनी मोजली. नकलांसाठी रंग उठून दिसावेत म्हणून भिंतींवर वार्निश चढवलं गेलं, ते पुढे पिवळं पडून चित्रं झाकोळली. आणि नकलांमुळे, पुस्तकांमुळे अजिंठा जगभर गाजला, म्हणून आजची गर्दी. एकान्तात पाहणाऱ्यांनीच गर्दीला वाट करून दिली.

आता एक प्रयोग सांगतो. अजिंठ्याचं सोळावं लेणं वराहदेवानं करवलं, तसा लेखच तिथं आहे. हा वराहदेव वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला. हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलं शेजारचं वाशीम. याच वराहदेवाचा लेख आणखी एका लेण्यात आहे, सिल्लोड तालुक्यात जंजाळ्याजवळच्या घटोत्कच लेण्यात. काळ तोच, दाता तोच. पण सोळाव्या लेण्यात रांग, आणि घटोत्कचला वाऱ्याचा आवाज. तिथं अजिंठ्यासारखी चित्रं नाहीत, हे खरं. पण कोरीव खांब आहेत, बुद्धमूर्ती आहे, आणि हवा तेवढा वेळ आहे.

आणि एवढं तरी लांब कशाला जायचं? राजूर घाटाखाली, आपल्याच तालुक्यात रोहिणखेड आहे. तिथली देखणी मशीद खुदावंतखान महदवीनं 1582 मध्ये बांधली. म्हणजे फ्लोरेन्सचा राजा उफीझीत चित्रं मांडत होता, तेव्हा इथले गवंडी दगड घडवत होते. आपल्याच तालुक्यातल्या कोथळीत महादेवाचं जुनं हेमाडपंती देऊळ आहे. या दोन्ही ठिकाणी गर्दी नाही. कोपरानं ढकलणारं कोणी नाही. त्या विद्यार्थ्याला आम्ही विचारलं, "तू शेवटचा कोथळीला कधी गेलास?" तो हसला. मग आम्हीच कबूल केलं, की आयुष्यभर सौंदर्यशास्त्र शिकवून आम्ही स्वतः रोहिणखेडची मशीद नीट पाहिली ती निवृत्तीनंतर. तोवर बसच्या खिडकीतून गाव गेलेलं पाहिलं, एवढंच.

इथं आमचं म्हणणं येतं. गर्दी नसणं दोन कारणांनी असतं. एक, कोणी दार अडवून ठेवलंय म्हणून. दोन, कोणी फिरकतच नाही म्हणून. पहिल्यात अन्याय आहे, दुसऱ्यात अनास्था, आणि अनास्थेतही दगड ढासळतात. चित्राला गर्दी नको असते, पण पाहणारा तर हवाच. आणि पाहणारा एका दिवसात तयार होत नाही. कोथळीच्या खांबावरची नक्षी ज्यानं कधी अर्धा तास पाहिली नाही, त्याला उफीझीत रिकामं दालन मिळालं, तरी तो दोन मिनिटांत पुढच्या दालनात जाईल.

तेव्हा उपाय साधे आहेत. अजिंठ्याला जा, पण सुट्टीचा दिवस टाळा. सोमवारी लेणी बंद असतात, हे लक्षात ठेवा. सगळे पहिल्या लेण्यापासून सुरू करतात, तुम्ही थेट सतराव्यात जा. आत गेल्यावर पाच-दहा मिनिटं नुसते उभे राहा, कारण अंधाराला डोळे सरावल्याशिवाय भिंत बोलत नाही. सगळं पाहायचा हट्ट सोडा, एकच चित्र निवडा. फोन खिशात ठेवा. भिंतीपासून लांब राहा आणि दुसऱ्याला जागा द्या.

पण त्याआधी एका रविवारी कोथळीला आणि रोहिणखेडला जाऊन या. लेकरांना बरोबर न्या, एक वही आणि पेन्सिल न्या. एक खांब, एक कमान, जमेल तशी काढा. चित्र बिघडलं तरी चालेल, तेवढा वेळ त्या दगडाकडे कोणीतरी पाहिलेलं असेल.

आमचा तो विद्यार्थी पुढच्या महिन्यात परत परदेशी जाणार आहे. जाण्याआधी आम्ही दोघं कोथळीला जायचं ठरलंय. ज्यांना यायचं त्यांनी जरूर यावं, चार-पाच जणांची गर्दी आम्हाला चालेल.