नशिबाची पत्रिका की परिस्थितीचा पंचनामा?



कारखान्याच्या दारावर सभा घेणाऱ्या माणसाने जनुकांच्या भानगडीत का पडावे, असे आजच्या विषयाचे नाव ऐकून पुष्कळांना वाटले असेल. शंका रास्त आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. सातवीनंतरची माझी शाळा सार्वजनिक वाचनालयातच भरली. पण कामगारांत वावरताना एक गोष्ट वरचेवर दृष्टीस पडते. एखाद्याला प्रथम भाकरीचा घास अडू लागतो, मग भात अडतो, शेवटी पाणीही उतरेनासे होते. अन्ननलिकेचा कर्करोग असल्याचे निदान होते आणि कोणीतरी सुस्कारा टाकून म्हणतो, "असते एकेकाच्या रक्तातच!" पूर्वी याला नशीब म्हणत, आता जीन्स म्हणतात. शब्द नवा आला, अर्थ जुनाच राहिला. त्या शब्दाचा खरा इतिहास काय सांगतो, तेवढेच आज आपणांस पाहावयाचे आहे.

या इतिहासाचा आरंभ जर्मनीत होतो. समुद्री अर्चिन नावाच्या काटेरी प्राण्याच्या अंड्यांचा अभ्यास करणाऱ्या थिओडोर बोव्हेरी या प्राणिशास्त्रज्ञाने १९१४ साली एक तर्क मांडला. पेशीच्या गुणसूत्रांत वाढीला आवर घालणारे काहीतरी असावे, आणि ते नाहीसे झाले की पेशी बेलगाम वाढत असावी. पुरावा त्याच्या हाती नव्हता, आणि पुढच्याच वर्षी तो वारला. ऑक्सफर्डच्या हेन्री हॅरिस यांनी १९६९ साली कर्करोगाची पेशी व निरोगी पेशी यांचा संयोग घडवून पाहिला. जोडपेशीचा दुष्टपणा मावळला. पुढे तिची काही गुणसूत्रे गळाली, तेव्हा तो परत आला. म्हणजे निरोगी पेशीपाशी लगाम होता खास!

१९७१ साली अमेरिकेत आल्फ्रेड नुडसन यांनी डोळ्याचा कर्करोग झालेल्या ४८ मुलांच्या नोंदी तपासल्या. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक बापाकडची. बैलांचे दोन्ही कासरे तुटल्यावाचून गाडी उधळत नाही, तसेच हे आहे. काही मुले एक कासरा तुटलेलाच घेऊन जन्मतात; त्यांना रोग लवकर व बहुधा दोन्ही डोळ्यांत होतो. इतरांचे दोन्ही कासरे जन्मानंतर तुटतात. नुडसन यांचे हे गणित होते. ते जनुक प्रत्यक्ष हाती लागले १९८६ साली.

अन्ननलिकेच्या बाबतीत मुख्य लगाम आहे पी-५३. १९७९ साली लंडन, प्रिन्स्टन व न्यूयॉर्क येथील प्रयोगशाळांना हे प्रथिन स्वतंत्रपणे सापडले, आणि वजनावरून त्याला हे नाव पडले. गंमत अशी की, दहा वर्षे शास्त्रज्ञ त्याला कर्करोगाचा साथीदार समजत होते, कारण प्रयोगासाठी घेतलेल्या त्याच्या प्रती मुळात बिघडलेल्या होत्या. १९८९ साली उलगडा झाला की, हा चोर नसून पहारेकरी आहे. पेशीच्या जनुकद्रव्याला इजा झाली की तो खटका ओढून साचा बंद करतो, दुरुस्तीला वेळ देतो, आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर त्या पेशीला मरण्याचा हुकूम देतो. १९९० साली अन्ननलिकेच्या गाठींत हाच पहारेकरी वारंवार जायबंदी झालेला आढळला. आपल्याकडे व चीनमध्ये जो प्रकार अधिक, त्याच्या बहुसंख्य गाठींत पी-५३ बिघडलेले असते आणि पुष्कळ गाठींत पी-१६ हा दुसरा लगामही निकामी झालेला असतो.

आता मुद्द्याचा प्रश्न. हे लगाम जन्मतःच तुटलेले असतात काय? पी-५३ उपजतच सदोष असलेली कुटुंबे जगात आहेत. पण ती विरळा. बहुतेक रोग्यांत हा बिघाड त्यांच्या हयातीत, त्या एका नलिकेच्या पेशींत घडलेला असतो. तो बापाकडून आलेला नसतो आणि मुलाकडे जात नाही.

मग तो घडवतो कोण? १९५५ साली आपल्या मुंबईतच संघवी, राव व खानोलकर यांनी तंबाखू ओढणे व चघळणे यांचा घशाच्या व अन्नमार्गाच्या कर्करोगाशी असलेला संबंध तपासून प्रसिद्ध केला. चीनच्या हेनान प्रांतातील लिनशियन तालुक्यात हा रोग फार. तेथे संशोधकांना कोंबड्यांच्याही घशात व अन्ननलिकेत कर्करोग आढळला. माणसांची आणि कोंबड्यांची वंशावळ एक नाही; अंगण मात्र एक आहे.

२०१८ साली इंग्लंडमध्ये निरोगी माणसांच्या अन्ननलिका तपासल्या, तेव्हा उतारवयात तेथे बिघडलेल्या जनुकांच्या पेशींची दाट वस्ती आढळली. कर्करोग मात्र त्यांना नव्हता. २०१९ साली जपानी संशोधकांनी दाखविले की, अतोनात दारू व धूम्रपान यांनी ही वस्ती झपाट्याने वाढते. तेव्हा वयाबरोबर थोडी झीज प्रत्येकाची होतेच. ती कोण किती वाढवतो, हा खरा हिशेब.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगणे मला अगत्याचे वाटते. दारूसारखी कारणे जनुकावर आपल्या खुणा ठेवतात. म्हणून आठ देशांतील ५५२ रोग्यांच्या गाठी वाचून पाहण्यात आल्या. २०२१ साली निकाल आला. जेथे रोग अतोनात आहे आणि जेथे तुरळक आहे, त्या देशांतील फरक उलगडेल अशी खूण सापडली नाही. काही कारणे खूण न ठेवताही काम करीत असावीत. जनुक हा पंचनामा खरा. पण पंचनाम्यात आरोपीची सही नसली म्हणून गुन्हा घडलाच नाही, असे म्हणता येत नाही. भरपाईच्या दाव्यांत "पुरावा दाखवा" एवढेच पालुपद मी मालकांच्या वकिलांकडून अनेकदा ऐकले आहे. खूण नाही म्हणजे कारण नाही, हा त्यांचा युक्तिवाद उद्या जनुकांच्या भाषेतही येईल. तो आपण आजच ओळखून ठेवावा.

तेव्हा माझे मागणे थोडके आहे. घास अडू लागला तर पाणी अडेपर्यंत थांबू नका. त्याच आठवड्यात दवाखान्यात जा. आणि डॉक्टर "घरात कोणाला होता का?" असे विचारतील, तेव्हा त्याचे उत्तर तर द्याच, पण तुम्ही काय ओढता, काय चघळता, काय पिता, कोणत्या धुरात व धुळीत किती वर्षे काम केलेत, हेही केसपेपरावर लिहून घ्यावयास लावा.