पावसाचा हिशेब

संस्थेची पंचवीस वर्षे म्हटली की गणपती, सत्यनारायण, पार्किंगची भांडणे हे सगळे आलेच. त्यावर इतरांनी लिहिले आहे. माझा जन्म बँकेत आकडे जुळवण्यात गेला, म्हणून मी एका आकड्याबद्दल लिहितो. शहर बांधताना पाऊस किती धरतात, आणि तो मोजतात कुठे?

लोकांपर्यंत पोचणारे मुंबईच्या पावसाचे आकडे वर्षानुवर्षे दोनच : कुलाबा आणि सांताक्रूझ. मालाडचा वेगळा आकडा आमच्या तरी कानावर कधी आला नव्हता. २६ जुलै २००५ ला, आपली संस्था जेमतेम पाच वर्षांची असताना, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७५ सुद्धा नाही! एकाच शहरात, एकाच दिवशी. आपण सांताक्रूझच्या पुढे सहा स्टेशनांवर. आपल्याकडे किती पडला, ते आपल्याला जिन्यावरून कळले. चौथी पायरी बुडाली होती. पंप, मीटर, स्कूटरी सगळे पाण्यात. तळमजल्यावरच्या चार कुटुंबांनी ती रात्र वरच्या मजल्यांवर काढली.

शहराची जुनी गटारे ताशी २५ मिलिमीटर पाऊस धरून आखलेली. त्यातलाही निम्मा जमिनीत मुरेल, असा हिशेब. तेव्हा मुरतही असेल. मालाडला वाड्या होत्या, मोकळी जमीन होती. आता सगळीकडे सिमेंट. (आपल्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवायला मी विरोध केला होता. असो.) ताशी ५० मिलिमीटर धरा, आणि सगळे पाणी वाहूनच येणार असे समजा, हे महापालिकेच्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालात १९९३ सालीच लिहिलेले होते. पण कामाने वेग घेतला तो २००५ नंतर.

माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली. २००६ पासून महापालिकेने अग्निशमन केंद्रांसारख्या ठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवायला सुरुवात केली. दर पंधरा मिनिटांनी आकडा थेट नियंत्रण कक्षात. २०२० साली ‘आयफ्लोज-मुंबई’ ही पूर-इशारा यंत्रणा आली. पाऊस, भरती, नद्यांची पातळी, जमिनीचा चढउतार एकत्र करून कुठल्या भागात पाणी साचेल, याचा ती आधी अंदाज बांधते. आता माझा नातू सकाळी मोबाईल बघून सांगतो, “आजोबा, आज सबवेकडे जाऊ नका.” पूर्वी हे रिक्षावाल्याला विचारावं लागायचं!

पण यंत्र मोजतं ते स्वतःच्या डोक्यावरचा पाऊस. आपल्या फाटकात किती पाणी चढलं, ते त्याला कुठून कळणार? २००५ च्या पाण्याची खूण म्हणून आपण पार्किंगच्या खांबावर ऑइलपेंटची रेघ मारली होती. पुढे इमारत रंगवताना ती पुसली गेली. पुन्हा मारू म्हटले, तर सभेत काही सभासद म्हणाले, “रेघ दिसली की गिऱ्हाईक परत जाईल, फ्लॅटचा भाव पडेल.” त्यांची भीती अगदीच खोटी नाही. मुलीच्या लग्नासाठी घर विकायला काढलेल्या माणसाला हे बोलणे सोपे नसते. पण तळमजल्यावर राहणाऱ्यांनी काय करायचे? आणि उद्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली, तर जोते किती उंच घ्यायचे, मीटरची खोली कुठे ठेवायची, हे कशावरून ठरवणार? बिल्डरच्या रंगीत पुस्तिकेवरून?

म्हणून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी दोन ठराव मांडतो आहे. मीटर आणि पंप जुन्या रेघेच्या वर उचलावेत; आणि फाटकाशी मोजपट्टी लावून वॉचमनने दर पावसाळ्यात पाण्याची उंची वेळेसह लिहावी. वही मी आणून ऑफिसात ठेवली आहे. पहिल्या पानावर २६ जुलै २००५, चौथी पायरी, एवढी नोंद केली आहे. त्या दिवशीचे ज्यांना आठवत असेल, त्यांनी त्याखाली आपल्या हाताने भर घालावी.