आखाडा आणि दोजो

दुसऱ्या महायुद्धानंतर जपान व ओकिनावा येथे राहिलेल्या काही अमेरिकी सैनिकांनी कराटे आत्मसात केले आणि मायदेशी परतून ते शिकविण्यास आरंभ केला. १९७३ मध्ये 'एंटर द ड्रॅगन' या चित्रपटाने कुतूहल चेतविले, तेव्हा जिज्ञासूंसाठी वर्ग सिद्ध होते. विद्येबरोबर 'दोजो', 'सेन्सेई' हे शब्दही इंग्रजीत रुजले.

वऱ्हाडचा प्रयत्न याहून जुना होय. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने (स्थापना १९१४) १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकप्रसंगी हुतूतू, मल्लखांब इत्यादींची प्रात्यक्षिके घडविली. तथापि प्रात्यक्षिकास प्रेक्षक लाभतात. शिष्य लाभण्यास गुरूचा दीर्घ सहवास लागतो. 'आखाडा', 'वस्ताद' हे शब्द पाश्चात्त्य भाषांत रुजले नाहीत, याचे कारण यातच शोधावे लागते. शब्द शिक्षकाबरोबर प्रवास करतो.